एका शब्दासाठी नगरपर्यंत

माझी चूक सापडली की निवृत्तीराव जागेवरून उठत, खिडकीशी जात आणि बाहेर लिंबाखाली बसलेल्या पक्षकारांना ती वाचून दाखवत. पक्षकार म्हणजे जमिनीच्या कामासाठी खेड्यांतून आलेले शेतकरी. त्यांना ना इंग्रजी येत होती ना उर्दू. पण निवृत्तीरावांचा आवाजच असा की काहीतरी मोठा गुन्हा घडलाय एवढं कुणालाही कळावं. "ऐका रं!" ते गरजत. "सायब लिवतो, फुडल्या आठवड्यात येतो. आन् आमचा केशव काय लिवतो? सायब मागल्या आठवड्यात येतो! आरं, मागल्या आठवड्यात मानूस कसा येईल बे?" लिंबाखालची मंडळी माना हलवत आणि माझ्याकडे दयेने पाहत. एक म्हातारा तर दर खेपेला हात जोडून म्हणे, "जाऊ द्या मालक, लेकरू हाय." मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, एका मुलीचा बाप.

ही गोष्ट निजामाच्या अमदानीतली, बीडच्या तालुकदार कचेरीतली. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. पण हैदराबादेत काही इंग्रज साहेब नोकरीला होते, त्यांची पत्रं आणि शेरे इंग्रजीत येत. त्यांचा उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करून तालुकदारसाहेबांपुढे ठेवणारा तो मुतर्जिम. निवृत्तीराव मुतर्जिम होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. कुणी विचारलं की मी सात म्हणतो, पण मनातल्या मनात सतरा मोजतो.

माणूस बुटका, मानेने जाड, काळ्या शेरवानीचं वरचं बटण कायम तुटलेलं. मूळचे पाटोद्याकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. अंगात उमेद होती म्हणून पोरवयात जालन्याच्या छावणीत गेले, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये भांडी घासली, त्यांनी टाकलेली वर्तमानपत्रं चुलीत घालायच्या आधी वाचायला शिकले. उर्दू एका मौलवींकडे शिकले. कुठल्याही शाळेचा दाखला नसलेला हा माणूस केवळ परीक्षा देऊन मुतर्जिम झाला होता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि त्या अभिमानाचा त्रास आम्हाला होता. मिसलीत, म्हणजे कचेरीच्या फायलीत, ते असं शुद्ध उर्दू लिहीत की हैदराबादचे लोक वाहवा करत. तोंडाने मात्र पाटोद्याची भाषा. ती बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांना सगळ्यातलं सगळं कळे. चपराशाने दप्तर कसं बांधावं, पाणक्याने घागर कुठे ठेवावी, न्हाव्याने वस्तरा कोणत्या हाताने परजावा. एकदा दवाखान्यात जाऊन त्यांनी डॉक्टरलाच दम दिला होता, की ताप मोजायच्या आधी रोग्याला बसू द्यावं. (डॉक्टर बसू देत नव्हता हेही खरंच होतं.) मी लिहिलेला कागद हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे लिवलंस का सांडलंस?" आणि दुसरा: "अंदाज केलास न्हवं? अंदाज गुराख्यानं करावा, मुतर्जिमानं न्हाई." एखादा शब्द अडला म्हणून त्यांना विचारायला जावं, तर तिसरं वाक्य: "एवढं म्हाईत न्हाई? मग दौत कावून भरलीस?" म्हणजे अंदाज केला तरी ओरडा, विचारलं तरी ओरडा. मी हळूहळू विचारणं सोडून दिलं आणि अंदाज असे करायला लागलो की ते पकडले जाऊ नयेत. या कलेत मी बराच तरबेज झालो होतो.

एका उन्हाळ्यात निवृत्तीराव पुतणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस पाटोद्याला गेले. कचेरीत असा शांतपणा आला की चपराशी दुपारी गाणं गुणगुणायला लागला. त्याच पंधरवड्यात एका इंग्रज साहेबाचा शेरा आला. जमिनीच्या मोजणीची पाहणी करत तो चौसाळ्याकडे फिरला होता. तिथल्या एका वाडीत त्याचा तंबू होता. बांधावरचा हद्दीचा दगड हलवला अशी तक्रार होती आणि तिची चौकशी हणमंतराव नावाचा गिरदावर करत होता. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांवरचा अधिकारी. साहेबाने जे पाहिलं ते चार ओळींत लिहून तो विलायतेला सुट्टीवर निघून गेला. चार ओळींतली तिसरी अशी होती, की गिरदावराने एका म्हाताऱ्या शेतकरी बाईला सबंध गावासमोर 'हेक्टर' केलं.

आज सातबाऱ्यावर जमीन ज्यात मोजतात तो हेक्टर हा नव्हे. तो तेव्हा आमच्याकडे यायचा होता. हे इंग्रजीतलं क्रियापद होतं आणि मी ते जन्मात पाहिलं नव्हतं. कचेरीत डिक्शनरी एकच, तीही निवृत्तीरावांची स्वतःची, त्यांच्या पेटीत कुलपाखाली. पाटोद्याला स्वार पाठवला असता तर दोन दिवसांत उत्तर आलं असतं. पण त्यासाठी मला 'हा शब्द मला माहीत नाही' असं लिहून द्यावं लागलं असतं, आणि ते वाक्य त्यांनी लग्नाच्या मांडवात वऱ्हाडाला वाचून दाखवलं असतं. ते चित्र डोळ्यांपुढे आलं. मग मी शब्दाकडे पुन्हा पाहिलं. अधिकारी, म्हातारी बाई, सगळं गाव आणि वैतागलेला साहेब. यात दुसरं काय असणार? मी लिहिलं, 'ज़दोकोब.' म्हणजे मारहाण.

तालुकदारसाहेब हैदराबादचे, सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ होते. रयतेवर हात टाकलेला मात्र त्यांना मुळीच खपत नसे. त्यांनी कागद वाचला आणि त्याच दिवशी हणमंतरावाला मुअत्तल केलं. घरी बसवलं. बडतर्फीची चौकशी लावली. चार दिवसांनी हणमंतराव कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेला मला दिसला. येईल त्याला एकच सांगत होता, "मी तिला बोटबी लावलं न्हाई हो." कुणी विश्वास ठेवत नव्हतं. सगळेच मारणारे असं म्हणतात. मी त्याच्या बाजूने न जाता मागच्या दाराने आत गेलो.

निवृत्तीराव परत आले, मिसल उघडली, साहेबाचा इंग्रजी कागद आणि माझा तर्जुमा शेजारी शेजारी ठेवले. मी ओरड्याची तयारी करून बसलो. ते उठले, खिडकीशी गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. सात वर्षांत ती खिडकी लागलेली मी प्रथमच पाहिली.

"हा शब्द तुला ठावं होता?"

"नाही."

"मग?"

"अंदाज केला."

ते खाली बसले. "आरं बे, मारलं असं कुटं लिवलंय सायबानं? हा शब्द म्या छावणीत ऐकलाय. एक मेजर हाताखालच्यांना असाच करायचा. वरडायचा, धमकवायचा, दुसऱ्याला बोलू द्याचा न्हाई. हात न्हाई लावायचा कदी. हे हाताचं काम न्हाई, तोंडाचं हाय." मग पेटी उघडून त्यांनी डिक्शनरी काढली. लहानशी, मळकी, कोपरे खाल्लेली. तिच्यात त्या शब्दापुढे एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ दोन्हीकडे लागू शकला असता.

आम्ही तालुकदारसाहेबांपुढे गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुन्शीजी, हुकूम कागदावर दिलाय. तुम्ही म्हणता मेजर. मी मेजरला कसा बोलावू? कागदाला उत्तर कागदानेच द्या." चौकशीची तारीख पंधरा दिवसांवर होती. त्या इंग्रज साहेबाला विलायतेत पत्र घालून उत्तर येईपर्यंत हणमंतराव केव्हाच बडतर्फ झाला असता. मोठी डिक्शनरी, जिच्यात शब्दाचं सगळं कूळ लिहिलेलं असतं, ती जवळात जवळ नगरला, इंग्रजी मुलखात, एका मिशनच्या शाळेत होती. "छकडा सांग," बाहेर येताच निवृत्तीराव मला म्हणाले. "आन् तूबी चल. चूक तुजी, बूड माझंच कावून आदळावं?"

त्या प्रवासाबद्दल मला कुणी विचारू नये. रोज बैलांच्या वेगाने चालायचं आणि रोज निवृत्तीराव माझ्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलेले. छकडेवाल्याला बैल कसे हाकावेत, भाकरी करणाऱ्या बाईला पीठ कसं मळावं, हे ते शिकवत होते. निजामी हद्द संपते तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथल्या कारकुनाने रजिस्टरात 'मुतर्जिम' हा शब्द चुकीचा लिहिला. झालं! दीड तास आम्ही त्या नाक्यावर. कारकुनाने चिडून आमची पेटी दोनदा उलटीपालटी केली. आणि या सगळ्याच्या मधल्या वेळेत माझा उद्धार. "ज़दोकोब! वा रं वा! ज़दोकोब म्हनं! एका मानसाची भाकर काडून घेतलीस बे तू, एका अक्षराच्या आळसानं."

पण हा नाक्याचा किस्सा पुढचा. त्याआधी कड्याला दुपारचा मुक्काम झाला होता. एका चिंचेखाली बैल सोडले होते. निवृत्तीराव तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझा तोल गेला.

"आळसानं नाही," मी म्हणालो. "तुमच्या भीतीनं."

"काय?"

"तुमच्या भीतीनं लिहिलं. मला तो शब्द माहीत नव्हता. विचारलं असतं तर तुम्ही सगळ्या जगाला ओरडून सांगितलं असतं. सात वर्षं तेच केलंत. विचारलं तरी तेच, चुकलं तरी तेच. मग माणूस विचारील कशाला? तुम्ही म्हणता तो मेजर दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही. तुम्ही मला कधी बोलू दिलंत?"

छकडेवाला लगबगीने बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मला वाटलं, आता हा माणूस मला इथेच उतरवून परत पाठवणार. निवृत्तीरावांनी तोंड उघडलं, मिटलं. मग ते उठून चिंचेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले आणि छकडा जुंपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानंतर नाक्यापर्यंत ते गप्पच होते, आणि नाक्यावर त्यांनी त्या बिचाऱ्या कारकुनावर जे तोंड सोडलं त्यात माझ्या वाट्याचंही होतं असा माझा आजही समज आहे. उरलेल्या वाटेवर मात्र माझा उद्धार पूर्ववत सुरू झाला.

नगरच्या शाळेतले मास्तर म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ होते, शांत, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. त्यांनी आमची हकिकत ऐकली आणि दोन हातांनी उचलावी लागेल अशी डिक्शनरी टेबलावर आणून ठेवली. पान काढलं. "तुमचं बरोबर आहे," ते निवृत्तीरावांना म्हणाले. "मोठ्या आवाजानं, धाकदपटशानं दुसऱ्याला दाबून टाकणं. मारणं नाही."

"लिवून द्या," निवृत्तीराव म्हणाले. "आन् हा शब्द आला कुटनं तेबी सांगा."

मास्तरांना अशा प्रश्नाची बहुतेक वाट पाहायची सवय असावी. ते खुलले. हेक्टर हे एका माणसाचं नाव, असं त्यांनी सांगितलं. फार जुन्या काळी ट्रॉय नावाचं एक नगर होतं, तिथल्या राजाचा थोरला मुलगा. शत्रू समुद्रावरून आले, नगराला वर्षानुवर्षं वेढा पडला, आणि या माणसाने ते नगर सांभाळलं. युद्ध त्याने मागितलं नव्हतं, धाकट्या भावाच्या चुकीने ते दारात आलं होतं. लढाईला निघताना तो बायकोचा निरोप घ्यायला गेला, तर कडेवरचं पोर त्याच्या शिरस्त्राणाचा तुरा बघून रडायला लागलं. त्याने शिरस्त्राण काढून खाली ठेवलं, हसला, पोराला घेतलं. शेवटी तो वेशीबाहेर लढताना मारला गेला. त्या गोष्टीतल्या सगळ्या वीरांत तोच खरा भला माणूस, असं मास्तर म्हणाले.

"मग?" निवृत्तीराव पुढे सरकले. "मग ह्याच्या नावाचा असा अर्थ कावून?"

"पुढे इंग्लंडात नाटकांतून त्याला बढाईखोर करून दाखवायला लागले. आणि अडीचशे-एक वर्षांमागे लंडनमध्ये दारू पिऊन फिरणारी श्रीमंतांची टवाळ पोरं होती. लोकांच्या खिडक्या फोडायची, वाटसरूंना अडवून धमकवायची. त्यांनी स्वतःला नाव घेतलं, हेक्टर. लोक त्या पोरांना भ्यायचे. मग त्यांच्यासारखं वागणं म्हणजे हेक्टर करणं. पोरं गेली, शब्द राहिला."

निवृत्तीराव ताडकन उभे राहिले. "हे काय झालं? ह्यो मानूस कुनावर वरडला? कुनावरबी न्हाई! घर राखत मेला. आन् दारुड्यांनी नाव चोरलं तर पाप ह्याच्या माथी? कोन हाय हे पुस्तक लिवनारा? त्याला लिवा, हे चुकीचं हाय म्हनून!" त्यांनी टेबलावर हात आपटला. पलीकडच्या वर्गातली मुलं दारात गोळा झाली. म्हातारे मास्तर चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे पाहिलं. शब्दाचा अर्थ समजावून सांगायची आता कुणालाच गरज उरली नव्हती.

"शब्दाला न्याय मागता येत नाही, राव," मास्तर म्हणाले. "लोक वापरतात तोच त्याचा अर्थ."

"लोकांना अक्कल न्हाई," निवृत्तीराव म्हणाले आणि बसले. मग त्यांनी मास्तरांकडून पानाची नक्कल करून घेतली, सही-शिक्का घेतला, आणि नकलेत एक स्वल्पविराम राहिला म्हणून ती पुन्हा करायला लावली.

चौकशीच्या दिवशी वाडीवरून ती बाई आली होती. ठकूबाई. वाळलेली, उंच, पायात काही नाही. तालुकदारसाहेबांना मराठी तुटकच कळे, म्हणून ती बोलणार आणि निवृत्तीराव उर्दूत सांगणार असं ठरलं. नक्कल साहेबांपुढे ठेवलेलीच होती. हणमंतराव एका कोपऱ्यात उभा होता, दाढी वाढलेली.

"याने तुला मारलं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

हणमंतरावाने मोठा श्वास सोडला. निवृत्तीरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ. पण बाईचं संपलं नव्हतं.

"मारलं न्हाई, सायब. मारलं आस्तं तर म्या चार लोकांत वळ दाखवला आस्ता. ह्यो बोलला. समद्या गावाम्होरं. दगुड माजा हलला हुता, म्या सांगाया गेलते. म्या तोंड उगडलं का ह्यो वरडायचा. मला चोर म्हनला, खोटारडी म्हनला. तीन डाव तोंड उगडलं. तीन डाव मिटलं. घरी आले तर सुनबी म्हनली, तुमी कायच कशा बोलल्या न्हाई? आता गावात कुनी मला काय इच्यारत न्हाई. म्हनत्यात, तिला बोलता येत न्हाई."

निवृत्तीरावांनी ते उर्दूत सांगितलं. त्यात एक शब्दही त्यांनी सजवला नाही की गाळला नाही. फक्त सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला. शेवटचं वाक्य तर साहेबांना ऐकूच आलं नाही. "ज़रा ज़ोर से, मुन्शीजी," साहेब म्हणाले. निवृत्तीरावांना 'जरा मोठ्याने' असं म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

साहेबांनी हणमंतरावाची मुअत्तली उठवली, पण लेखी ताकीद दिली आणि हुकूम केला, की त्याने त्या वाडीवर जावं, गावाला बोलवावं, बाईपुढे खाली बसावं आणि तिचं म्हणणं ती थांबेपर्यंत ऐकावं. मध्ये एक शब्द बोलू नये. मग दगडाचा निकाल लावावा. एवढं झाल्यावर त्यांनी माझा तर्जुमा उचलला. त्यावर सही नव्हती. त्या काळी मुतर्जिमाच्या मेजावरून जाणारा कागद मुतर्जिमाचाच धरत. "हा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

घरी बायको, मुलगी, आई. मी पुढे व्हायला पाय उचलला असं मी लोकांना सांगत आलो आहे. खरं तर उचलला नव्हता.

"माझा आहे, हुजूर," निवृत्तीराव म्हणाले.

"तुम्ही रजेवर होता."

"जाण्याआधी शिकवून गेलो होतो. माझ्या शिकवण्याप्रमाणेच झालाय."

साहेबांना काय कळायचं ते कळलं असावं. पण एका माणसाची नोकरी चुकीच्या शब्दाने जात होती, आणि त्याचा कुणाला तरी जाब द्यावा लागणार होता. आठवड्यात निवृत्तीरावांची बदली झाली, पाटोद्याच्या तहसिलीत, नकला करणारा कारकून म्हणून. मुतर्जिमाची जागा मला मिळाली. ते सामान बांधत होते तेव्हा मी गेलो. काय बोलायचं ते दोन दिवस जुळवत होतो. "मुतर्जिमसाहेब," मी सुरुवात केली, "तुमचे उपकार—"

"आता तू मुतर्जिम हायस. मला साहेब म्हनायचं काम न्हाई. आन् काल तू जो कागद धाडला, त्यात 'मौज़ा' कसा लिवलास? 'ज़'ला ज़ोय घातलास का ज़ाद? ये हिकडं!" आणि पाऊण तास त्यांनी मला एका उर्दू अक्षरावरून सोलून काढलं. आभार मानायचे राहिले. मी इतका चिडलो की त्यांना छकड्यापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

पुढे चार वर्षांनी कळलं, निवृत्तीराव आजारी आहेत. मी पाटोद्याला गेलो. अंगणातल्या बाजेवर पडलेले होते, अर्धे उरलेले. आवाज तेवढा तसाच. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. त्यांनी गूळपाणी दिलं. मी शेवटी धीर करून म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही साहेबांपुढे खोटं बोललात. चूक माझी होती."

"खोटं?" ते उठून बसायला लागले. "कड्याला चिंचेखाली काय बोल्लातास तू? आं? भीतीनं लिवलं म्हनलास. भीती कुनाची व्हती? मग तर्जुमा कुनाचा? हिशेब सरळ हाय. आता गप." दम लागला तसे आडवे झाले. मग म्हणाले, "त्या म्हातारीचं काय झालं?"

"कोण म्हातारी?"

"ठकूबाई बे! दगुड बसला का तिचा? हनमंता गेलता का? बसलाता का खाली?"

मला माहीत नव्हतं. हुकूम निघाला, मिसल बंद झाली. मग कोण विचारतंय? हे मी सांगितलं मात्र, आणि त्या आजारी माणसाने मला असं झापलं की शेजारची माणसं कुंपणाशी आली. चार वर्सं मुतर्जिमाच्या खुर्चीत बसतोस आन् म्हाईत न्हाई म्हनतोस? जा. चौसाळ्याला जा, वाडीवर जा, डोळ्यांनी बघून ये, मग तोंड दाखव.

मी तणतणत निघालो. मरायला टेकलेल्या माणसाने तरी दोन शब्द बरे बोलावेत! बीडला आल्यावर मी मुद्दाम गेलो नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कामं होतीच. तिसऱ्या आठवड्यात राग निवला तेव्हा चौसाळ्याला गेलो.

ठकूबाई भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. दगड बांधावर जागच्या जागी होता, तिने स्वतः नेऊन दाखवला. हणमंतराव आला होता म्हणाली. पारावर सगळं गाव, आणि तो खाली मातीत. "म्हनला, बोल आक्का. आदी मला कायच सुचंना. मग सुचाया लागलं. दगडाचं बोलले, मग न्हवऱ्याच्या वाटणीचं बोलले, दीर कसा वागला ते बोलले, सुनंचंबी बोलले. गुरं घरी आली तरी बोलतच हुते. त्यो बसूनच. येकदा पानी मागितलं त्येनं, तेबी खुणंनं." ती तोंडावर पदर धरून हसली. "आता पंचायतीला मला बलवत्यात. गप बस म्हनत्यात, इतकं बोलती म्या."

मी तिथूनच छकडा पाटोद्याकडे वळवला. वाटभर मी ते सगळं मनात जुळवत होतो, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. पोचलो तेव्हा अंगणात बाज उभी करून भिंतीला लावलेली होती. निवृत्तीरावांना जाऊन सहा दिवस झाले होते.

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे बसलो आणि खाली मान घालून सांगायला लागलो, की मी उशीर केला, पण वाडीवर जाऊन आलो, दगड बसला, हणमंतराव मातीत बसला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "केशवराव, आसं पुटपुटू नका. उटा. मोट्यानं सांगा. त्यास्नी पुटपुटलेलं कदी आवडलं न्हाई."

मी उठलो, अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि ठकूबाईचं सगळं बोलणं पहिल्यापासून सांगितलं, कुंपणापलीकडच्यांनाही नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात.